श्रवणयंत्र, बॅटरी आणि श्रवणाचे तास

(पनागर, जिल्हा जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सार्वजनिक खर्च, अनुदान, लाभार्थी हे शब्द आपण रोज वाचता. आज हेच शब्द मी एका फार लहान वस्तूच्या आधारे समजावून सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे श्रवणयंत्राची बॅटरी.

पनागर हे माझे आजोळ. माझ्या मामांचे येथे बियाण्यांचे दुकान होते. उतारवयात त्यांना तीव्र बहिरेपणा आला. एका शिबिरात त्यांना कानामागे लावायचे यंत्र मिळाले आणि त्यासोबत थोडे सेलही मिळाले. ते संपल्यावर नवे सेल जबलपूरहून आणावे लागत. मामा हिशेबी गृहस्थ. गिऱ्हाईक दुकानात आले की ते यंत्र सुरू करीत आणि गेले की बंद करीत. मटाराच्या हंगामात व्यवहारासाठी यंत्र दिवसभर चाले. घरी परतल्यावर मात्र ते डबीत जाई. "सेल उगाच जळतो," असे ते म्हणत. नातवंडांचे बोलणे त्यांच्या हिशेबात कधी बसलेच नाही. सरकारी नोंदवहीत मात्र ते एक समाधानी लाभार्थी होते. आजच्या व्याख्यानाचा विषय या दोन नोंदींमधील अंतर हा आहे.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनसेवेची गरज आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत श्रवणविषयक अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५०.७ लाख नोंदली गेली. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती 'बधिर' ठरते, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती 'ऐकण्यास कठीण' या वर्गात येते.

शासनाने या क्षेत्रात केलेले प्रयत्न लक्षणीय आहेत. दिव्यांगांना साहाय्यक साधने पुरवणारी एडिप योजना १९८१ पासून राबवली जात आहे. कानपूर येथील एलिम्को हा सार्वजनिक उपक्रम १९७२ मध्ये स्थापन झाला. त्याचे एक साहाय्यक उत्पादन केंद्र आपल्या जबलपूरमध्येच आहे. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा श्रवणयंत्रे करमुक्त ठेवली गेली. या सर्व उपायांनी यंत्र हाती येणे सुलभ झाले. यंत्र हाती आल्यानंतर ते रोज चालवण्याचा खर्च मात्र बहुतांशी कुटुंबाकडेच राहिला.

तीव्र श्रवणदोष आणि विजेची मागणी

श्रवणयंत्र आवाज टिपते, वाढवते आणि कानात सोडते. ऱ्हास जितका अधिक, तितकी आवाजाची वाढ अधिक आणि विजेची मागणीही अधिक. म्हणून सौम्य दोष असलेल्याला लहान सेल पुरतो. तीव्र दोषाच्या शक्तिशाली यंत्रास बहुधा १३ किंवा ६७५ क्रमांकाचा मोठा सेल लागतो.

हे एकदाच वापरायचे सेल झिंक-एअर प्रकारचे असतात. त्यांवरील चिकटपट्टी काढली की बाहेरची हवा आत शिरते आणि रासायनिक क्रिया सुरू होते. पट्टी पुन्हा चिकटवून ती क्रिया पूर्ववत थांबवता येत नाही. म्हणजे यंत्र बंद ठेवून केलेली बचत अपुरीच ठरते, कारण उघडलेला सेल डबीतही हळूहळू क्षीण होतो. मामांच्या काटकसरीतील ही त्रुटी त्यांना कोणी समजावून सांगितली नव्हती.

खर्चाचे गणित

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सेलची क्षमता ६०० मिलीअँपिअर-तास आहे आणि यंत्र सरासरी ३ मिलीअँपिअर वीज घेते, असे समजा. सेल २०० तास चालेल. रोज १२ तास वापर असल्यास तो सुमारे १६ दिवस पुरेल. दोन्ही कानांसाठी वर्षाला साधारण ४५ सेल लागतील. एका सेलची किंमत ४० रुपये धरली, तर वार्षिक खर्च १,८०० रुपये आणि पाच वर्षांचा ९,००० रुपये होतो. मोफत मिळालेल्या वस्तूचा हा आवर्ती खर्च आहे.

रिचार्जेबल यंत्र या खर्चाचे स्वरूप बदलते. लिथियम-आयन बॅटरीस लागणारी वीज अत्यल्प असते. दरमहा सेल विकत घेण्याची गरज उरत नाही. मात्र यंत्राची आरंभीची किंमत अधिक असते आणि काही वर्षांनी क्षमता घटल्यावर बॅटरी बदलण्याचा खर्च एकदम येतो. आवर्ती खर्च येथे भांडवली खर्चात रूपांतरित होतो. शिवाय तीव्र दोषाच्या यंत्रात एका चार्जिंगवर मिळणारे तास तुलनेने लवकर संपतात. मोबाइलचा आवाज बिनतारी जोडणीने थेट यंत्रात घेतल्यास ते आणखी घटतात.

दैनंदिन व्यवस्थापन

यासाठी काही साधे नियम पाळावेत. यंत्र रोज रात्री ठरावीक वेळी चार्जरमध्ये ठेवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून यंत्र उन्हात, चुलीजवळ किंवा बंद गाडीत ठेवू नये. पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या घातलेली डबी वापरावी. कानातील साचा सैल झाला तर आवाज बाहेर झिरपतो, शिट्टी वाजते. वाढत्या वयाच्या मुलांचा साचा म्हणूनच वेळोवेळी बदलावा लागतो. पूर्ण चार्ज केलेले यंत्र किती तास चालले, याची महिन्यातून एकदा वहीत नोंद करावी. तास सातत्याने घटू लागले की बॅटरी तपासून घ्यावी. दीर्घ काळ वीज जाणाऱ्या गावात पॉवर बँक जवळ असावी आणि जुने सेलचे यंत्र मोडीत काढू नये.

एक इशारा देणे आवश्यक आहे. बटणासारखा सेल लहान मुलाने गिळल्यास अन्ननलिकेस दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी क्षणभरही न थांबता मुलाला रुग्णालयात न्यावे. निकामी बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

धोरणासाठी बोध

आफ्रिकेतील बोट्सवाना देशात सौरऊर्जेवर श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या चार्ज करण्याचा प्रयोग झाला आणि त्याच्या निर्मितीत कर्णबधिर कामगारांनाच सामावून घेण्यात आले. सेलची किंमत आणि विजेची अनिश्चितता या दोन्ही अडचणींचा तेथे एकत्र विचार झाला. आपल्या ग्रामीण भागासाठीही हा विचार उपयुक्त आहे.

आपल्या देशात २००५ मध्ये फलनिष्पत्ती अर्थसंकल्पाची पद्धत सुरू झाली. किती रक्कम खर्च झाली एवढेच न विचारता त्यातून काय साध्य झाले हे विचारावे, असा तिचा आशय आहे. वाटलेली यंत्रे हे उत्पादन आहे. माणसाला रोज मिळणारे श्रवणाचे तास ही फलनिष्पत्ती आहे. हे मान्य केले, तर यंत्रासोबत बॅटरीची तरतूद, तालुका पातळीवर दुरुस्ती आणि वर्षभराने लाभार्थ्याची पुन्हा भेट या गोष्टी योजनेचाच भाग ठरतात. यासाठी खर्च वाढेल, हे खरे. परंतु डबीत पडून राहिलेल्या यंत्रावर झालेला खर्च तर पूर्णपणे वाया जातो.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. एखाद्या शिबिराचा अहवाल आपल्या मेजावर येईल, त्यात वाटपाचा आकडा असेल. स्वाक्षरी करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा: यांतील किती यंत्रे आज संध्याकाळी, घरातील माणसे बोलत असताना, सुरू आहेत?