आधी मन, मग विधी

येशूचे शिष्य हात न धुता जेवले, म्हणून धर्मनियम काटेकोर पाळणारे परूशी रागावले. मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात येशू त्यांना सांगतो, की माणूस विटाळतो तो पोटात जाणाऱ्या अन्नाने नव्हे, तर मनातून निघणाऱ्या लोभाने, कपटाने, निंदेने.

महाराष्ट्रात ही शिकवण एका स्वयंपाकघरात कसाला लागली. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांनी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. जातिभेद माणसाने केला, हे स्वतःला पटल्यावरच त्यांनी तो सोडला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम फार मोलाचा आहे.

रोजच्या जगण्यात मन शुद्ध करण्याचे हे काम बारीकसारीक असते. एखाद्या गावात शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी बिनसले, तर देवापुढे अर्पण ठेवण्याआधी समेट करावा, असे मत्तयाचा पाचवा अध्याय सांगतो. कॅथलिक पंथात धर्मगुरूपुढे पापकबुली असते, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण. यांत समेटच सर्वांत अवघड, कारण तिथे शेजाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते.

लक्ष्मीबाईंच्या मनातला झगडा त्यांच्याच शब्दांत ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, तो जरूर वाचावा.