सही आणि संमती



शहागडचा गोदावरीवरील पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. तेथील ऊसतोड करणाऱ्या बायांविषयी २०१९ साली जे उजेडात आले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले असेलच. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झाली ८२,३०९ बायांची. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहाजणींत एक! पुष्कळ जणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती.

दवाखान्यात विचाराल तर सहीचा नाही तर अंगठ्याचा कागद दाखवतील. मग तक्रार कसली? कित्येक बायांनी सांगितले की, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, अशी भीती त्यांना घालण्यात आली होती. औषधाने भागले असते काय? पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हे कानांवर घातले काय? त्यातून मुकादमाची उचल अंगावर, आणि एक खाडा पडला की दंड. अशा बाईच्या होकाराला संमती म्हणावयाचे, तर मग भीती कशाला म्हणावयाचे?

कायद्याने हा प्रश्न आधीच सोडविला होता. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईंना तपासणीसाठी भूल दिली. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, जिवावर बेतले नसेल तर रोगी शुद्धीवर येईपर्यंत थांबावयाचे, जाणत्या बाईच्या वतीने आईचा होकार चालत नाही. उपचार कोणता, कशासाठी, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, न केल्यास काय होईल, हे आधी सांगितलेच पाहिजे. (भरपाई मात्र २५,००० रुपयेच मिळाली. मला ती तुटपुंजी वाटते.)

आईचा चालत नाही, तेथे नवऱ्याचा तरी कसा चालेल? आपल्याकडे मात्र डॉक्टर बोलतात नवऱ्याशी, आणि बाई भिंतीकडे पाहत बसते.

गर्दीत इतके सांगायला वेळ कोठला, असे डॉक्टर म्हणतात. अडचण खरी आहे. पण दोष आपलाही आहे. मोंढ्यात मालाचा भाव ठरताना चार प्रश्न विचारणारा माणूस दवाखान्यात हात जोडून गप्प उभा राहतो. कागद मराठीत वाचून दाखवा, घरी विचार करून उद्या सांगतो, एवढे म्हणता येते. पिशवी काढण्याची निकड बहुधा एका रात्रीची नसते.