कासेगावच्या इंदूताई



कराड ओलांडून महामार्गानं कोल्हापूरकडे निघालं की वाळवा तालुक्यात कासेगाव लागतं. 14 जुलै 2017 रोजी इंदूताई पाटणकर गेल्या, तेव्हा त्यांना ब्याण्णवावं वर्ष चालू होतं. प्रतिसरकारच्या कार्यकर्त्या, क्रांतिवीर बाबूजी पाटणकरांच्या पत्नी, डॉ. भारत पाटणकरांच्या आई, गेल ऑम्वेट यांच्या सासूबाई, अशी त्यांची ओळख सहसा करून दिली जाते. ती खरीच आहे. पण मला आज बोलायचं आहे ते शिक्षिका इंदूताईंबद्दल आणि आजी इंदूताईंबद्दल. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग या ओळखींच्या मधल्या जागेत गेला.

सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यातल्या इंदोलीच्या निकमांची ही मुलगी. जन्म 15 सप्टेंबर 1925 चा. वडील दिनकरराव 1930 च्या सत्याग्रहात उतरलेले, आई सरस्वतीबाईही चळवळीत. इंदूताई दहा-बारा वर्षांच्या असल्यापासून प्रभातफेऱ्यांत जायच्या, खादीचा प्रचार करायच्या, थोरांची चरित्रं वाचायच्या. 1942 साली त्यांनी घर सोडलं. राष्ट्र सेवा दलात बायका-मुलींचं संघटन केलं आणि पुढे त्या प्रतिसरकारात सामील झाल्या.

तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजच्या सांगलीचाही बराचसा भाग. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली 1943 ते 1946 या काळात इथल्या गावांनी आपला कारभार आपण चालवला, तेच हे प्रतिसरकार. भांडणतंटे गावातच मिटत, सावकाराला जाब विचारला जाई, कमी खर्चात गांधी पद्धतीची लग्नं लागत. भूमिगतांना भाकरी पोचवणं, निरोप नेणं, वेळप्रसंगी हत्यार लपवून नेणं, हा या कारभाराचा कणा होता आणि तो पुष्कळसा बायकांच्या डोक्यावरच्या पाटीतून चालत होता. शेतावर भाकरी घेऊन निघालेल्या बाईची पाटी कोण उघडून बघणार!

1 जानेवारी 1946 रोजी इंदूताईंचं बाबूजींशी लग्न झालं. कासेगावात आझाद विद्यालय उभं राहिलं त्यामागे या दोघांचे कष्ट होते. गावात आधी शाळा हवी, हा त्या पिढीचा हिशेब मला फार मोठा वाटतो.

आणि 1952 साली बाबूजींची हत्या झाली. इंदूताई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या, भारत तीनेक वर्षांचा. पन्नाशीच्या दशकात खेड्यातल्या तरुण विधवेला काय वाट्याला यायचं हे जुन्या माणसांना सांगायला नको. भावाच्या दारी जायचं, नाहीतर सासरच्या चुलीपुढे उरलेलं आयुष्य काढायचं. इंदूताईंनी शिक्षिकेची नोकरी धरली. मुलाला सासूबाईंच्या साथीनं वाढवलं. दोघी बायकांनी मिळून ते घर उभं ठेवलं. पोलिसांना चुकवत फिरण्याचं धैर्य आपण गौरवतो, गौरवायलाच हवं. पण रोज सकाळी हजेरीपट घेऊन वर्गात उभं राहायचं, महिन्याच्या पगारात घर भागवायचं आणि तेवढ्यातही चळवळ सोडायची नाही, हे वर्षानुवर्षं करणं मला त्याहून अवघड वाटतं.

कारण चळवळ त्यांनी खरोखरच सोडली नाही. मुलगा डॉक्टरकी शिकून श्रमिक मुक्ती दल या संघटनेच्या कामात पडला, तेव्हा आईही त्या वाटेवर होती. स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत सांगली-साताऱ्याच्या परित्यक्ता बायकांसाठी त्या झटल्या. या बायकांची एक मागणी होती स्वतःच्या रेशनकार्डाची. ती ऐकायला लहान वाटेल. पण बघा, लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी होतं आणि सासरच्या कार्डावर चढतं. नवऱ्यानं नांदवलं नाही तर ते कार्ड त्याच्या घरात राहतं. बाई माहेरी येते, तिथं तिचं नाव नसतं. मग त्या काळी तिला साखर मिळायची नाही, रॉकेल मिळायचं नाही, आणि कुठे अर्ज करायचा तर राहण्याचा पुरावाही नसायचा. सरकारच्या लेखी ती कुठेच राहत नव्हती! म्हणून स्वतःच्या नावाचं वेगळं कार्ड मागायचं, राहायला जागा मागायची. वैधव्यात स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिलेल्या बाईला या मागणीचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

1976 साली त्यांच्या घरात अमेरिकेच्या मिनेसोटाची सून आली. महात्मा फुल्यांच्या आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी भारतात आलेल्या गेल पुढे कासेगावच्याच झाल्या, 1983 साली भारताच्या नागरिक झाल्या. या घरात वाढलेल्या नातीला आजीकडून काय मिळालं असेल, याचा विचार केला की मला हेवा वाटतो. इतर घरांत आजी राजाराणीची गोष्ट सांगते. इथं आजी स्वतःच इतिहासातून चालत आलेली होती आणि मोर्चालाही निघत होती.

प्रतिसरकारच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या. बाई म्हणून वर्गात उभ्या असलेल्या इंदूताई मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांच्या मनात आहेत, आणि ते विद्यार्थी आता स्वतः आजी-आजोबा आहेत. तुमच्यापैकी कुणी त्यांच्या हाताखाली शिकलं असेल, तर त्या काय शिकवायच्या, कशा बोलायच्या, चुकलेल्या पोराला काय म्हणायच्या, ते एका वहीत लिहून काढा. हात चालत नसेल तर नातवंडांना सांगा, ती लिहून घेतील.