श्रद्धा आणि शुश्रूषा

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात रुग्णालयीन सेवकांनी गोवर, कांजिण्या इत्यादी रोगांच्या लशी घेतल्याच पाहिजेत, असा दंडक फार पूर्वीपासून होता. मात्र धार्मिक अथवा तात्त्विक श्रद्धेच्या आधारे त्यातून मिळणारी सूट कायदेमंडळाने २०१९ साली रद्द केली, आणि मार्च २०२० च्या सार्वमतात जनतेनेही मोठ्या बहुमताने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे कोविडची लसही सक्तीची होताच काही सेवकांनी दाद मागितली. परंतु २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तीन न्यायमूर्तींचे मत विरुद्ध असताही, मनाई हुकूम देण्याचे नाकारले. वैद्यकीय कारणासाठीची सवलत तेवढी अबाधित राहिली.

सदसद्विवेकबुद्धीचा मान राखला जावा, हे मला मनापासून मान्य आहे. तथापि गोवराचा रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीतील हवा संसर्गक्षम राहू शकते. आणि कर्करोगावरील औषधांनी ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, त्या खाटेवरील रुग्णाला आपली परिचारिका निवडण्याची मुभा कोठे असते? ज्याची श्रद्धा खरोखरच आड येते, अशा सेवकाला, शक्य तेथे, रुग्णांपासून दूरचे दफ्तरी काम द्यावे; खाटेजवळचे देऊ नये.