हॉर्सपॉवर किती निघणार?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या एका वर्गमित्राने जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधायला घेतलंय. बोअर झालं, हेडला फेस मारला, कॅमशाफ्ट बदलली. ग्रुपवर फोटो आले आणि खाली सगळ्यांचा एकच प्रश्न: हॉर्सपॉवर किती निघणार? माझं काम इंजिनाच्या ईसीयूमधल्या सॉफ्टवेअरचं, म्हणून उत्तर माझ्याकडे आलं.

खरं तर डायनो हॉर्सपॉवर मोजतच नाही. इंजिनाला अडवून धरायला किती जोर लागतो, ते तो मोजतो. पाण्याच्या डायनोत किर्लोस्करवाडीच्या पंपासारखंच पाणी फिरतं. फक्त ते वर चढवायचं नाही, आतच घुसळून इंजिनाची ताकद उष्णतेत जिरवायची. बाहेरचं आवरण फिरू पाहतं, त्याला दांडा लावून टोकाशी बल मोजायचं. बल गुणिले अंतर, सरांनी फळ्यावर काढलेलं तेच. हा झाला टॉर्क. हॉर्सपॉवर नंतर हिशोबाने काढतात. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर १०० न्यूटन-मीटर मिळाला, तर साधारण ८४ हॉर्सपॉवर.

त्यात हवेची गंमत आहे. साताऱ्याची हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठ टक्के विरळ, सांगलीची सहा, महाबळेश्वरची पंधराच्या आसपास. टर्बो नसेल तर तेवढी ताकद कमी. म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर आकडा ठरावीक हवामानाला जुळवून छापतं. ही दुरुस्ती कशी केली ते विचारल्याशिवाय दोन गॅरेजचे कागद शेजारी ठेवू नका. शिवाय रोलरवरच्या डायनोत ताकद चाकाशी मोजतात. गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा आधीच खाऊन बसलेले असतात.

खरी मेहनत ट्यूनिंगची. शेतावरच्या कूपर इंजिनाला एकच वेग धरून पंप चालवायचा असे. गाडीला प्रत्येक वेग आणि प्रत्येक थ्रॉटल सांभाळावा लागतो. डायनोवर फेऱ्या एका जागी धरायच्या आणि ठिणगी एकेक अंश अलीकडे आणायची. टॉर्क वाढतो, मग वाढ मंदावते, मग थांबते. तिथून पुढे जाण्यात काहीच मिळकत नाही, आणि कित्येकदा त्याआधीच इंजिन खटखटायला लागतं. ते ऐकू येईपर्यंत वाट बघणारा ट्यूनर मला नको. पूर्ण थ्रॉटलला मिश्रणात पेट्रोल कमी पडलं आणि खटखट चालूच राहिली, तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. लाखभराचं काम एका दुपारी भंगारात.

म्हणून मित्रा, सगळ्यात मोठा आकडा मागू नकोस, पूर्ण आलेख माग. कराडच्या पुढे ट्रक ओलांडताना तुला २५०० ते ४००० फेऱ्यांमधला टॉर्क लागणार आहे. ६५०० ला तू किती वेळा जाणार? आणि डायनोला नेताना टाकीत भारी ऑक्टेनचं पेट्रोल भरू नकोस. सांगलीच्या पंपावर रोज जे भरतोस तेच भर, आणि ट्यूनिंग त्याच्यावरच करून घे.