खोली मनाजोगी

सुटीचे चार दिवस आणि वर्षभराची शिल्लक यांचा मेळ घालून एखादें कुटुंब थंड हवेच्या ठिकाणीं किंवा समुद्रकांठीं जावयास निघतें, तेव्हां त्याच्या मनांत एक चित्र आधींच रेखाटलेलें असतें. खिडकी उघडतांच समोर दरी पसरलेली आहे, सज्जांत चहाचा पेला घेऊन आजोबा बसले आहेत, आणि रात्रीं झाडांच्या सळसळीखेरीज दुसरा आवाज नाहीं. प्रत्यक्षांत स्वागतकक्षांत किल्ली हातीं पडते, सामान वाहणाऱ्या माणसामागून मंडळी निघते, आणि दार उघडल्यावर खिडकींतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसूं लागते. भाडें तेंच, वर्ग तोच, जाहिरातींतील शब्दही तेच. खोली तेवढी निराळी. चार दिवसांचें सुख एका किल्लीवर अवलंबून असावें, आणि ती किल्ली केवळ दैवानें मिळावी, हें कोणासही रुचणार नाहीं. परंतु या बाबतींत दैवाचा वांटा समजतो तितका मोठा नसतो.

पूर्वीच्या काळीं हा प्रश्न या स्वरूपांत नव्हता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वरीं वसाहत आकारास आली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० सालीं माथेरानचा डोंगर चढून गेले आणि तेथील वसाहतीची सुरुवात झाली. त्या काळीं हवा पालटण्यास जाणारीं सुखवस्तु कुटुंबें बहुधा सबंध बंगलाच भाड्यानें घेत. गाद्या, भांडीं आणि आचारी बरोबर असत. कोणती खोली कोणास द्यावयाची याचा निवाडा घरांतील वडील माणूस करी आणि तो निमूटपणें मानला जाई. पुढें १९०७ सालीं नेरळहून माथेरानास छोटी आगगाडी जाऊं लागली, प्रवास सुलभ झाला, आणि काळाच्या ओघांत हॉटेलें वाढलीं. एका छपराखालीं परस्परांस अपरिचित अशीं तीस-चाळीस कुटुंबें राहूं लागलीं. निवाडा करणारा वडीलधारा माणूस तेथें उरला नाहीं. त्याच्या जागीं काउंटरमागील कारकून आला.

हा कारकून निवाडा कसा करतो, हें पाहिल्यावांचून हवी ती खोली मागण्याची रीत उमजणार नाहीं. बहुतेक हॉटेलें आरक्षणाच्या वेळीं खोली विकत नाहींत. तीं खोलीचा वर्ग विकतात. साधी, वातानुकूलित, दरीकडील, समुद्राकडील, असे ते वर्ग असतात. प्रवाशाच्या हातीं जो कागद येतो, त्यावर वर्गाचें नांव असतें, खोलीचा क्रमांक नसतो. क्रमांक ठरतो तो बहुधा येण्याच्या आदल्या रात्रीं किंवा त्या दिवशीं सकाळीं. त्या वेळीं कारकुनापुढें दोन याद्या असतात: आज जाणारे आणि आज येणारे. तीन रात्री राहणाऱ्यास जी खोली द्यावयाची, ती मधल्या रात्रीं दुसऱ्या कोणास दिलेली नसावी लागते. एखाद्या खोलींतील नळ गळत असतो, दुसरींतील वातानुकूलन यंत्र बिघडलेलें असतें. त्या बाजूस काढाव्या लागतात. हें सारें जुळवितांना ज्याच्या नांवापुढें कांहींच लिहिलेलें नाहीं, त्यास कोणतीही खोली चालेल असेंच गृहीत धरलें जातें. मागणी न करणाऱ्याच्या वांट्यास पाण्याची टाकी येते ती अशी. त्यांत कोणाचें वैर नसतें.

वेळेचेंही एक गणित आहे. जाणारे पाहुणे सकाळीं दहा-अकरा किंवा बारा वाजेपर्यंत खोल्या सोडतात आणि येणाऱ्यांना बारा किंवा दोन वाजल्यापासून प्रवेश मिळतो. मधल्या दोन-तीन तासांत चादरी बदलणें, स्नानगृह धुणें, केर काढणें हीं कामें मोजकीं माणसें धांवपळीनें उरकीत असतात. जो प्रवासी पहांटेच्या गाडीनें उतरून आठ वाजतांच काउंटरशीं उभा राहतो, त्यास आदल्या रात्रीं रिकाम्या राहिलेल्या दोन-चार खोल्यांतूनच निवड करावी लागते. आणि ज्या रिकाम्या राहतात त्या क्वचितच उत्तम असतात. उलट जो रात्रीं दहा वाजतां पोंचतो, त्याच्यासाठीं उरलेली एकच किल्ली खुंटीवर लोंबत असते. कित्येक हॉटेलें, कांहीं पाहुणे ऐनवेळीं येत नाहींत हें जाणून, असलेल्या खोल्यांहून अधिक आरक्षणें घेतात. त्या दिवशीं सगळेच आले तर फटका बसतो तो शेवटीं येणाऱ्यास. प्रवेशाच्या ठरलेल्या वेळेच्या आसपास पोंचणें हें म्हणूनच सर्वांत श्रेयस्कर. उशीर होणारच असेल, तर तसें दूरध्वनीनें कळविणें अगत्याचें आहे.

आतां मुळांत कोणती खोली मागावी, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. समुद्राकडील खोली म्हटली कीं सर्वांचे डोळे लकाकतात. कोंकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. गणपतीपुळ्यास काय किंवा तारकर्लीस काय, समुद्र दिसणारी खिडकी बहुधा पश्चिमेचीच असते. तिच्यांतून सूर्यास्त अप्रतिम दिसतो, पण त्यापूर्वीं तीन-चार तास तोच सूर्य भिंती तापवीत असतो. डिसेंबरांत हें ऊन सुखावह वाटतें. मे महिन्यांत लहान मुलांना दुपारीं झोप लागत नाहीं. महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भर पावसाळ्यांत दरीकडील खोलीसाठीं जादा पैसे मोजणाऱ्यास पुष्कळदां केवळ पांढरें धुकें पाहावयास मिळतें. धुक्याचीही आवड असणारे रसिक आहेत, नाहीं असें नाहीं. पण दाम देण्यापूर्वीं आपण काय विकत घेत आहों हें ठाऊक असावें.

शब्दांचा नेमका अर्थही विचारून घ्यावा. समुद्राकडे तोंड असलेली खोली निराळी आणि समुद्र दिसणारी खोली निराळी. दुसऱ्या प्रकारांत सज्जाच्या कोपऱ्यांत उभें राहून मान वळविल्यावर माडांच्या फटींतून निळी रेघ दिसली, तरी जाहिरात खोटी ठरत नाहीं.

देखाव्याहून आवाज अधिक महत्त्वाचा, हें प्रवाशास पहिल्या रात्रीं कळतें. उद्वाहनाशेजारची खोली, स्वयंपाकघराच्या धुराड्यावरील खोली, वीजजनित्राच्या अंगणाकडील खोली, पोहण्याच्या तलावासमोरची किंवा लग्नसमारंभाच्या हिरवळीवरील खोली, या दिवसा देखण्या दिसतात आणि रात्रीं जाग्या राहतात. दोन खोल्यांच्या मधोमध दार असेल, तर एकत्र आलेल्या दोन कुटुंबांना तें वरदान. अनोळखी शेजाऱ्यांच्या बाबतींत मात्र त्यांची सगळी संभाषणें विनामूल्य ऐकूं येतात.

आणि ज्या घरांत गुडघे दुखणारी आजी किंवा हृदयविकाराचे आजोबा आहेत, त्या घरास देखावा आणि आवाज हे दोन्ही विषय दुय्यम होत. त्यांना पायऱ्या मोजाव्या लागतात. डोंगरउतारावरील कित्येक हॉटेलांत तळमजला म्हणून जो सांगितला जातो, तो रस्त्यापासून चाळीस पायऱ्या खालीं असतो. माथेरानांत मोटारींस बंदी आहे. दस्तुरी नाक्यापुढें पायीं, घोड्यावर किंवा अलीकडे सुरूं झालेल्या विजेच्या रिक्षानें जावें लागतें. तेथें खोली कोणत्या मजल्यावर यापेक्षां दारापासून किती अंतरावर, हें विचारणें शहाणपणाचें. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या तारांकित वर्गीकरणांत दिव्यांग अतिथींच्या सोयीच्या खोलीची अपेक्षा केलेली आहे. अशी खोली बहुधा एखादीच असते, म्हणून ती ज्यास खरोखर हवी त्यानें पुष्कळ आधीं सांगून ठेवावी.

मागण्याची रीत साधी आहे. आरक्षण कोणत्याही मध्यस्थामार्फत किंवा मोबाईलवरील ॲपवरून झालें असलें, तरी एकदां हॉटेलशीं थेट बोलावें. मध्यस्थाच्या रकान्यांत लिहिलेली विनंति वाटेंत गळून पडण्याचा संभव असतो. जाण्याच्या आठवडाभर आधीं लेखी कळवावें आणि आदल्या दिवशीं दुपारीं, क्रमांक ठरण्यापूर्वीं, पुन्हां एकवार आठवण द्यावी. एकशेंदोन क्रमांकाचीच खोली हवी असा हट्ट धरण्याऐवजीं कारण सांगावें. ‘आईंना जिना चढवत नाहीं, पायऱ्या नसलेली खोली मिळाली तर उपकार होतील,’ असें एक वाक्य दहा अटींहून अधिक काम करतें. कारण तें वाचणाऱ्यास चार पर्याय मोकळे राहतात आणि त्यांतला एक तरी साधतो. मागण्या एक किंवा दोनच असाव्यात, आणि त्यांत गरज कोणती व आवड कोणती हें स्पष्ट असावें. जो शांतता, सूर्यास्त, तळमजला आणि उंचावरचा देखावा हें सर्व एकाच श्वासांत मागतो, त्याचें पत्र बाजूला ठेवण्याकडेच कारकुनाचा कल होतो.

पोंचल्यावर सामान वर नेण्याआधीं खोली पाहूं देण्याची विनंति करावी. सभ्य हॉटेलांत ती नाकारली जात नाहीं. पसंत नसेल तर तेथल्या तेथें सांगावें. पलंगावर लोळून, स्नान उरकून, मग खोली बदलून मागणें अनुचित होय. कारण ती खोली पुन्हां स्वच्छ करावी लागते आणि तिची वाट पाहणारा दुसरा प्रवासी तिष्ठत राहतो. त्या क्षणीं दुसरी खोली नसेल, तर उद्यां सकाळीं कोणती रिकामी होणार तें विचारून आपलें नांव तिच्यापुढें लिहवून घ्यावें. एका रात्रीची गैरसोय सोसल्यास उरलेल्या तीन रात्री पुष्कळदां मनासारख्या जातात. मात्र वरच्या वर्गाचें भाडें भरलें असतां खालच्या वर्गाची खोली मिळाली, तर तो विनंतीचा विषय नव्हे, हक्काचा आहे. तेथें आरक्षणाचा कागद पुढें करून व्यवस्थापकाशीं शांतपणें पण ठामपणें बोलावें, आणि खोली मिळत नसेल तर भाड्यांतील फरक मागावा.

या सरळ वाटेखेरीज तीन आडवाटा आहेत आणि त्यांवर वर्दळही पुष्कळ असते. पहिली खोट्याची: नसलेला लग्नाचा वाढदिवस किंवा नसलेलें आजारपण सांगणें. दुसरी आरडाओरड्याची. तिसरी, काउंटरवरून हळूच सरकविलेल्या नोटेची. तिन्हींचा उपयोग कधीं कधीं होतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. आणि खरी अडचण तेथेंच आहे. ओरडल्यानें हॉटेलांत एकही नवी खोली निर्माण होत नाहीं. ओरडणाऱ्यास जी मिळते, ती कोणासाठीं तरी राखून ठेवलेली असते. बारा वाजतां आवाज चढविणाऱ्या गृहस्थास जी तळमजल्यावरची खोली दिली जाते, तिच्यासाठीं एखाद्या म्हातारीनें आठवडाभर आधीं नम्रपणें लिहिलेलें असतें. ती संध्याकाळीं पांच वाजतां येते, तेव्हां तिला दोन जिने दाखविले जातात. कारकून तिची क्षमा मागतो. तिच्या वाट्याचें सुख कोणीं नेलें हें तिला कधींच कळत नाहीं, आणि ज्यानें नेलें त्यासही कळत नाहीं; तो सज्जांत बसून आपल्या चातुर्याची कथा कुटुंबास सांगत असतो.

कारकुनाच्या बाजूचाही येथें विचार व्हावा. आठ-आठ तास उभें राहून हंसतमुखानें बोलणाऱ्या त्या तरुणाच्या हातीं खोल्या वांटण्याचा अधिकार असतो, पण खोल्या वाढविण्याचा नसतो. दबावाखालीं तो एकाची खोली दुसऱ्यास देतो, तेव्हां दोष त्याच्या माथीं येतो; परंतु तो दबाव आणणारे हात पाहुण्यांचेच असतात. लेखी विनंति आधीं आलेली असेल तर ती कोणासाठींही मोडावयाची नाहीं, एवढा एक नियम चालकांनीं घालून दिला आणि पाळला, तर त्या तरुणास नाहीं म्हणण्याचें बळ येईल.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची खिडकींतील देखाव्यावरूनच नांव मिळालेली एक कादंबरी १९०८ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ फ्लॉरेन्समधील एका अतिथिगृहांत होतो. दोन इंग्रज स्त्रियांना नदीकडील खोल्यांचें वचन मिळालेलें असतें आणि प्रत्यक्षांत अंगणाकडील खोल्या दिल्या जातात. त्यांची तक्रार जेवणाच्या मेजावर एक वृद्ध गृहस्थ ऐकतो, आणि आपल्याला व आपल्या मुलाला देखाव्याचें विशेष अगत्य नाहीं, खोल्या बदलून घ्या, असें सरळ सुचवितो. आधीं त्या संकोचतात, पण शेवटीं अदलाबदल होते. त्या ठिकाणीं मालकिणीला जें साधलें नाहीं तें एका सहप्रवाशाच्या मोकळेपणानें साधलें.

आपल्याकडेही हें अशक्य नाहीं. ज्या तरुण जोडप्यास दिवसभर डोंगर हिंडावयाचे आहेत आणि खोलींत केवळ पाठ टेकावयास यावयाचें आहे, त्यास तळमजला आणि तिसरा मजला सारखाच. वरच्या मजल्यावर धापा टाकीत चढणारी वृद्धा त्यांच्या दृष्टीस पडली, तर किल्ल्यांची अदलाबदल करण्यास पांच मिनिटें लागतात. काउंटरवर कळविलें कीं नोंदही बदलते. मनाजोगी खोली मिळविण्याची विद्या आतां पुष्कळांनीं साध्य केली आहे. हातीं आलेली चांगली खोली अधिक गरजवंतास सोडण्याची तयारी त्या विद्येच्या जोडीला आली, तर सुटीहून परतणाऱ्या पुष्कळ घरांत आजी प्रवासाविषयीं कुरकुरत न बसतां पुढच्या वर्षीं कोठें जावयाचें तें विचारूं लागेल.