घरच्या यंत्राचे मोल : एकदाच की दरमहा?

घरातील दिवे, पंखे व कुलुपे दुरून चालविणाऱ्या यंत्राबरोबर जी संगणकप्रणाली येते, तिचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न वरकरणी व्यापाऱ्याचा. वस्तुतः तो गृहस्थाच्या विश्वासाचा आहे.

यंत्र एकदाच विकले जाते. परंतु दूरच्या सर्व्हरचा खर्च दरमहा चालूच राहतो. आरंभी घेतलेल्या एकरकमी पैशांतून तो किती वर्षे भागावा? अमेरिकेतील रिव्हॉल्व्ह या सुमारे ३०० डॉलरच्या यंत्रास ‘आजीवन’ सेवेचे अभिवचन होते. २०१४ मध्ये नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. धडधाकट यंत्रे निरुपयोगी झाली. ‘आजीवन’ म्हणजे नेमके कोणाचे जीवन, एवढा प्रश्न मागे उरला. विंक कंपनीने मे २०२० मध्ये, तोवर विनामूल्य असलेल्या सेवेबद्दल दरमहा ४.९९ डॉलर मागितले, तेही आठवड्याच्या मुदतीने. रक्कम लहान होती. रोष मोठा झाला आणि मुदत पुढे ढकलावी लागली.

होम असिस्टंटची वाट निराळी. ही प्रणाली विनामूल्य असून घरातच चालते. बाहेरून घराशी सुलभ जोडणी ज्यास हवी, त्याने नाबू कासा या कंपनीस वर्गणी द्यावी. वर्गणी थांबली तरी घरचा दिवा लागतोच.

यातून निघणारा नियम साधा आहे. जे घरात चालते त्याचे मोल एकदाच घ्यावे, जे बाहेर चालते त्याचे दरमहा. आणि हा भेद विक्रीच्या दिवशीच सांगावा. कारण उशिरा सांगितलेली वाजवी किंमतही गिऱ्हाइकास दंडासारखीच वाटते.